डिसेंबरात धाराशिवला येताय? आधी उसाच्या ट्रॉलीशी जमवून घ्या

दिवाळीनंतर साखर कारखान्यांनी गव्हाणीत मोळी टाकली, म्हणजे गाळप सुरू केलं, की आमच्या जिल्ह्यातले रस्ते उसाचे होतात. पाहुणे मात्र नेमके त्याच दिवसांत येतात, हवा छान असते म्हणून. यायला हरकत नाही. मी इथल्या आडरस्त्यांवरून वॅगनआर चालवते, म्हणून गाडीचं आधी सांगते. तुळजापूर-नळदुर्ग कुणीही दाखवील.

तेरसारख्या गावाला जाणारा रस्ता म्हणजे डांबराचा एक पट्टा. समोरून गाडी आली की कुणीतरी खाली उतरायचं. कुणी, हे कुठल्या पुस्तकात नाही, पण इथं सगळ्यांना ठाऊक आहे: भरल्या गाडीला डांबर सोडायचं. उसाची जोड ट्रॉली तुमच्यासाठी साइडपट्टीवर उतरणार नाही, उतरली तर पलटी होईल. एसटीलाही आधी जाऊ द्या. वाटेत नळकांडी पूल दिसला आणि पलीकडून काही येत असेल, तर अलीकडेच थांबा. पुलावर जाऊन मागे घेण्यात शहाणपण नाही.

खाली उतरताना साइडपट्टी बघा. लाल मुरूम असेल तर डावी दोन चाकं बिनधास्त उतरवा, फक्त डांबराची कड किती उंच आहे ते बघून, अगदी हळू. काळी माती असेल आणि आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर उतरूच नका. मुरूम दिसेपर्यंत मागे या. काळ्या रानात चाक बसलं की ट्रॅक्टरशिवाय निघत नाही, आणि त्या दिवसांत सगळे ट्रॅक्टर उसाला असतात.

ट्रॉलीच्या मागं असाल तर हॉर्नवर विसंबू नका. ड्रायव्हरचा टेप एवढा मोठा असतो की त्याला तुमचं काही ऐकू जात नाही. अंतर ठेवा, मोळ्या घसरतात. चढावर जास्तच ठेवा, कारण ओझ्यानं ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलतात आणि ट्रॉली मागं येऊ शकते. कुणी हातानं ‘या पुढं’ म्हणून खुणावलं तरी समोरचा रस्ता आपल्या डोळ्यांनी बघूनच गाडी काढा. टायरच्या बैलगाड्या दिसल्या तर हॉर्न वाजवूच नका. बैल बिथरले तर वर बसलेली लेकरंबाळं पडतात.

अंधार पडल्यावर आडरस्ता नको, हे मी घरी आलेल्या प्रत्येकाला सांगते. बंद पडलेल्या ट्रॉलीला मागं दिवा नसतो. शिवाय ती घरंगळू नये म्हणून चाकाला दगड लावतात. ट्रॉली दुरुस्त होऊन निघून जाते, दगड तिथंच. दिवसा ते दिसतात तरी.

वाट विचारायची तर फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर विचारा, आणि ‘रस्ता कुठला’ एवढंच न विचारता ‘चारचाकी जाते का’ हेही विचारा. ‘इथंच आहे, सरळ जावा’ याचा अर्थ अर्धा किलोमीटरही होतो आणि सहाही.

आता काय बघायचं. तुळजापूर धाराशिवहून वीसेक किलोमीटर. मंगळवार, शुक्रवार, रविवार आणि पौर्णिमा टाळलीत तर दर्शन निवांत होतं. तिथून नळदुर्ग पस्तीसेक किलोमीटर, आणि त्याला अर्धा दिवस द्याच. बोरी नदीवर किल्ला आणि त्याचा पलीकडच्या काठावरचा जोडकिल्ला रणमंडळ यांच्यामध्ये बांधलेल्या धरणाच्या भिंतीच्या पोटात पाणीमहाल आहे. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळातलं, १६१३ चं काम. नर-मादी धबधबे पावसाळ्यात नदी भरून आली की पडतात. डिसेंबरात ते पडतील या आशेनं येऊ नका. महालाच्या खिडकीत बसायला मात्र हेच दिवस बरे, गर्दी नसते. उपळ्या बुरुजाच्या पायऱ्या उभ्या आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी खालीच थांबावं.

माझ्या मनातलं गाव तेर. गोरोबाकाकांची समाधी तेरणेच्या काठी आहे, तिथं सगळे जातात. पुढं त्रिविक्रमाचं विटांचं देऊळ आहे, ते बरेच जण चुकवतात. त्याचं गजपृष्ठाकार छत बघा, जुन्या चैत्याचा घाट आहे तो. मग लामतुरे वस्तुसंग्रहालय. तिथली हस्तिदंती बाहुली बघितल्याशिवाय निघू नका. हे गाव म्हणजे जुनं तगर, प्राचीन व्यापारी शहर. इथला आणि पैठणचा माल वाट नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून भडोचला जायचा, असं पहिल्या शतकातल्या एका ग्रीक टिपणात लिहिलंय. तेरचा रस्ता खराब म्हणून कुरकुरणाऱ्या आमच्या नंदाव्यांना मी हेच ऐकवते.

तेरहून येडशीकडे आलात तर रामलिंग आहे, दरीतलं महादेवाचं देऊळ. खाण्याच्या पिशव्या गाडीत ठेवा आणि काचा वर करा, माकडं आहेत. परांडा एकदम पश्चिमेला, त्यामुळे त्याला वेगळा दिवस लागतो. विजापूरची मुलूखमैदान तोफ १६३२ मध्ये याच किल्ल्यातून नेली. उरलेल्या तोफाही कमी नाहीत.

खरेदीचं. तुळजापुरात कवड्यांची माळ घ्या. समुद्राचा पत्ता नसलेल्या आमच्या डोंगरात देवीला कवडीच लागते! माळ हातात धरून बघा: खरी कवडी गार आणि जड लागते, प्लास्टिकची हलकी, आणि तिच्या सगळ्या कवड्या एका साच्यातल्या असतात. दोरा ओढून बघायला लाजू नका. पहिल्या दुकानात घेऊ नका, मंदिरापासून जरा लांब चालत जा. आठवडी बाजाराचा वार गावागणिक वेगळा असतो. बाजार असेल त्या दिवशी गाडी गावाबाहेर लावून चालत जा, नाहीतर भाजीच्या पाट्यांमध्ये अडकाल.

खवा सगळ्यात शेवटी घ्यायचा. भूम-कुंथलगिरी हा खव्याचा भाग, आणि बीड-संभाजीनगरकडे परतणाऱ्यांना सरमकुंडी फाटा वाटेतच लागतो. पेढे चाखून घ्या, खवा सकाळचा आहे का ते विचारा. डिकीत उन्हात ठेवू नका, पुढं पायाशी ठेवा. घर लांब असेल तर खव्याऐवजी पेढेच घ्या, ते जास्त टिकतात.