‘हे जरा बघ’

2015 च्या जूनमध्ये बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे धातूचे भाग ओतणाऱ्या कारखान्यात, मी लागले, तेव्हा पत्रावर ‘ट्रेनी – क्वालिटी’ एवढंच लिहिलेलं होतं. फेटलिंगहून, म्हणजे घासून साफ होऊन, आलेल्या कास्टिंगला (ओतीव भागाला) मापाचा गेज लावायचा, हार्डनेस बघायचा, ब्लो होल (वायूमुळे पडलेलं भोक) दिसला की लाल खडूने खूण करायची. गाव येळ्ळूर, स्कूटीवरून कामाला. डिप्लोमा झालेली पोरगी पुण्याला न जाता संध्याकाळी घरी जेवायला असते, यावर घरचे खूश.

दोन वर्षांत माझं काम कुठल्या कुठे गेलं. पत्र मात्र तेच राहिलं.

2017 च्या फेब्रुवारीत आमचे सीनियर कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या एमआयडीसीत गेले. मालक म्हणाले, “माणूस मिळेपर्यंत तू जरा बघ.” ग्राहकाची तक्रार आली की एट-डी रिपोर्ट (दोषाचं कारण आणि उपाय मांडायचा आठ टप्प्यांचा अहवाल), नवीन पार्टची पीपॅपची, म्हणजे ग्राहकाच्या मंजुरीसाठीच्या कागदांची, फाइल, महिन्याचा रिजेक्शनचा तक्ता, सगळं माझ्याकडे आलं. माणूस काही मिळाला नाही. खरं सांगायचं तर कोणी शोधतही नव्हतं. काम होत असताना कोण कशाला शोधेल?

याशिवाय एक काम होतं, ज्याला नावच नव्हतं. आमच्याकडे मोल्डिंगवर आसपासच्या खेड्यांतली मराठी माणसं, मशीन शॉपमध्ये बैलहोंगल-गोकाककडची कन्नड पोरं आणि फर्नेसवर बिहार-ओडिशाचे. ग्राहकाची ई-मेल इंग्रजीत, सरकारी पत्र कन्नडमध्ये. मालक घरी मराठी. बोलायला कन्नड फर्डं, पण वाचायची वेळ आली की त्यांचा चष्मा सापडायचा नाही. मी मराठी शाळेत कन्नड विषय म्हणून शिकलेली, त्यामुळे प्रत्येक कागद माझ्या टेबलावर. “हे जरा बघ.” आपल्या सीमाभागात चार भाषा येणाऱ्याला त्याचं कौतुक नाही आणि मोबदला तर नाहीच. ‘तुला येतंच की,’ यावर विषय संपतो. पुढे मला कळलं की कारखान्यातल्या कायद्याच्या नोटिसा इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना कळणाऱ्या भाषेत लावायच्या, असं तेव्हा लागू असलेला 1948 चा कारखाने कायदाच सांगत होता. म्हणजे ते भाषांतर माझ्या हौसेचं नव्हतं, कंपनीचं काम होतं.

आता माझी चूक सांगते. मी चौदा महिने वाट बघितली. दिवाळीला काहीतरी होईल असं वाटलं, तर “मार्च एंड होऊ दे” झालं. मग एप्रिलात एका शनिवारी, डिस्पॅचची गाडी गेटवर उभी असताना, मी रागारागाने केबिनमध्ये गेले आणि म्हणाले, “सर, आधीच्या सीनियरना जेवढा पगार होता त्याच्या निम्मासुद्धा मला नाही.” मालक शांतपणे म्हणाले, “त्याला बारा वर्षांचा अनुभव होता. तू ट्रेनी म्हणून लागलीस.” यावर उत्तर नव्हतं, कारण ते खरंच होतं. विषय माझ्या कामाचा राहिलाच नाही, गेलेल्या माणसाच्या अनुभवाचा झाला. नव्याने लागणाऱ्यांना मी हे पहिल्यांदा सांगते: दुसऱ्याच्या पगारावरून सुरुवात करू नका. समोरच्याला पळवाट आपणच दाखवून देतो.

त्याच सुमारास मशीन शॉपमधल्या एकाला ‘सुपरवायझर’ केलं. पेढे वाटले, घरच्यांनी स्टेटसला फोटो ठेवला. दुसऱ्या महिन्यात हातात आलेले पैसे आधीपेक्षा कमी. ऑपरेटर होता तोवर कायद्याप्रमाणे ओव्हरटाइम दुप्पट दराने मिळायचा. देखरेखीच्या पदावरच्या माणसांना मात्र तेव्हाच्या कायद्यात राज्याचे नियम त्यातून वगळू शकत होते. कंपनीने ओव्हरटाइम बंद केला आणि पगार वाढवला नुसता नावापुरता. तेव्हा पद घेण्याआधी मागच्या सहा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा घेऊन बसावं, ओव्हरटाइम धरून महिन्याची सरासरी काढावी आणि वाढ त्याच्या वर किती जाते ते बघावं. पेढे नंतर.

शनिवारच्या त्या फजितीनंतर मी तीन आठवडे एका वहीच्या मागच्या पानांवर लिहीत गेले. काम काय, कोणी सांगितलं, किती वेळ गेला, आणि न केलं असतं तर काय अडलं असतं. हा चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. ‘मी खूप राबते’ हे सगळेच सांगतात. ‘हा रिपोर्ट वेळेत गेला नसता तर पुढचा लॉट ग्राहकाने गेटवरून परत पाठवला असता’ हे मालकाला लगेच कळतं. बेरीज आली आठवड्याला साधारण एकोणीस तास. मलाच धक्का बसला, मी दहा-बारा धरून चालले होते. त्यातले पाच तास निव्वळ भाषेचे.

आणि मग ऑडिट मदतीला आलं. गाड्यांचे भाग बनवणाऱ्यांसाठीच्या गुणवत्तेच्या जुन्या मानकाच्या, टीएस 16949 च्या, प्रमाणपत्रांची मुदत सप्टेंबर 2018 ला संपत होती, त्याआधी आयएटीएफ 16949 या नव्या मानकावर जायचं होतं. मॅन्युअलचं काम अर्थातच माझ्याकडे. नवं मानक वाचता वाचता कलम 5.3.1 वर थांबले. ग्राहकाच्या गरजा पूर्ण होतात की नाही हे बघायची जबाबदारी आणि अधिकार व्यवस्थापनाने माणसं नेमून द्यायचे आणि ती नेमणूक लेखी ठेवायची. पुढच्याच कलमात, माल सदोष असेल तर डिस्पॅच आणि उत्पादन थांबवायचा अधिकार क्वालिटीच्या माणसाला असला पाहिजे, असं. माझ्याकडे जबाबदारी होती, अधिकार नव्हता. कागदावर तर दोन्ही नव्हतं. ऑडिटरने विचारलं असतं तर आम्ही शिरोलीला गेलेल्या माणसाचं नाव दाखवलं असतं.

या वेळी मी मंगळवारची प्रॉडक्शन मीटिंग संपल्यावर, बाकीचे उठून गेल्यावर विचारलं, “सर, वीस मिनिटं मिळतील काय?” बोलले मराठीत, पण पान इंग्रजीत टाइप करून नेलं, कारण ते पुढे अकौंटंटकडे आणि भागीदारांकडे जाणार हे माहीत होतं. एकच पान. वर तासांचा तक्ता, खाली मागणी: पदाचं पत्र तारखेसह, बेसिकमध्ये वाढ, डिस्पॅच रोखायचा अधिकार. आणि लाइनवरची गेजची तपासणी दुसऱ्या कोणाकडे द्यायची. हे शेवटचं बहुतेक जण विसरतात. नवं काम लेखी मिळतं, जुनं डोक्यावर तसंच राहतं.

“युनियन काढलीस काय गं?” मालक हसले. मग पान परत वाचलं. मी गप्प बसले. हे मला फार जड गेलं, आपल्याला शांतता भरून काढायची सवय असते. नवीन माणूस कोल्हापूरहून आणायचा तर काय पडेल, हा हिशेब त्यांनीच मोठ्याने केला.

देऊ केले ₹3,000, पण पेट्रोल भत्ता म्हणून. मी म्हणाले, “कमी द्या, पण बेसिकमध्ये द्या.” माझं बेसिक तेव्हा ₹9,000 होतं. तेव्हाच्या हिशेबाने पीएफचे 12 टक्के बेसिकवर, ग्रॅच्युइटी शेवटच्या बेसिकवर, पुढच्या वर्षीची टक्केवारीतली वाढही बेसिकवरच. भत्ता एका सर्क्युलरने बंद होतो. शेवटी ₹2,000 बेसिकमध्ये ठरले. कमीच होते, पण ‘होय’ म्हणाले. आई आजही म्हणते, तीन हजार घ्यायचे होतेस.

त्याच संध्याकाळी घरी जायच्या आधी ई-मेल टाकली: आज बोलल्याप्रमाणे अमुक ठरलं, काही चुकत असेल तर कळवावे. उत्तर आलं नाही. पत्र यायला पाच आठवडे लागले. पण अकौंटंट तारखेवरून घोळ घालायला लागला तेव्हा तीच ई-मेल उपयोगाला आली.

भाषेच्या कामाचे पैसे मात्र नाहीच मिळाले. “ते काय, घरचंच काम,” एवढ्यावर मालकांनी ते उडवून लावलं. मीही ताणलं नाही. पहिल्याच वेळी सगळं ओढायला गेलं की हातातलं निसटतं, असा माझा हिशेब होता. तो बरोबर होता की भित्रेपणा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी एवढंच ठरवून घेतलं की कन्नड पत्रं गुरुवारी तीन ते चार.

पत्र हातात आल्यावर महिनाभराने, सोमवारी सकाळी मालकांनी टेबलावर एक लिफाफा ठेवला. “हे जरा बघ.”

“गुरुवारी, सर. अर्जंट असेल तर आज बघते, पण मग ऑडिटची फाइल उद्यावर जाईल.”

ते थोडा वेळ उभे राहिले. मग लिफाफा उचलला आणि चष्मा शोधायला केबिनमध्ये गेले.