टोकियोला जाताय? सोपं काय, तापदायक काय

टोकियोला निघालेली माणसं भाषेची धास्ती घेऊन जातात. ती बरीचशी फुकट असते. स्टेशनांवरच्या पाट्या इंग्रजीतही असतात, मेट्रोच्या प्रत्येक स्टेशनाला अक्षर आणि आकडा दिलेला असतो. त्रास होतो तो पायांना आणि पोटाला, आणि त्याची तयारी फार थोडे जण करतात.

आधी विमानतळ. हानेदा शहरातच आहे. नारिता मध्यवस्तीपासून साठेक किलोमीटरवर, शेजारच्या चिबा प्रांतात. तिकिटात थोडाच फरक असेल तर हानेदा घ्या. नारितालाच उतरलात तर टॅक्सीच्या नादी लागू नका. केइसेई स्कायलायनर ही जलद गाडी साधारण 40 मिनिटांत निप्पोरी स्टेशनाला पोचवते आणि तिथे यामानोते लाइन मिळते. ही गोल फिरणारी जेआरची (जपान रेल्वेची) लाइन, 30 स्टेशनं, पूर्ण फेरी तासाभराची. हॉटेल हिच्या एखाद्या स्टेशनापासून पायी 10 मिनिटांत असलं की निम्मं काम झालं. खोल्या मात्र एवढ्याशा: बिझनेस हॉटेलात 12-13 चौरस मीटर म्हणजे नेहमीचंच. दोन मोठ्या बॅगा जमिनीवर उघडल्या की पाय ठेवायला जागा उरत नाही.

प्रवासाला सुइका किंवा पासमो हे आधी पैसे भरून गेटवर टेकवायचं कार्ड घ्या. दोन्ही सगळीकडे चालतात. स्टेशनातल्या मशीनवर कार्ड भरायला बहुतेक ठिकाणी रोकडच लागते, त्यामुळे खिशात येन हवेतच. परदेशी कार्डावर पैसे काढायला सेव्हन-इलेव्हनमधलं एटीएम सगळ्यात बिनघोर. बाहेर पडताना गेट अचानक बंद झालं तर बहुधा कार्डात पैसे कमी पडलेले असतात. रेटू नका, मागे वळा. गेटच्या आतल्या बाजूलाच फरकाचे पैसे भरायचं मशीन असतं.

पासांमध्ये लोक हमखास फसतात. टोकियो मेट्रो, तोएई (शहर प्रशासनाची सबवे) आणि जेआर या वेगवेगळ्या संस्था आहेत. 24, 48 किंवा 72 तासांचं सबवे तिकीट मेट्रोच्या 9 आणि तोएईच्या 4 लाइनींवर चालतं, यामानोतेवर नाही. तास पहिल्या वापरापासून मोजतात, म्हणून दुपारी सुरू केलं तर दुसऱ्या दिवशीची सकाळही पदरात पडते.

आता पायांचं. शिंजुकू स्टेशनाला 200 हून जास्त बाहेर पडायच्या वाटा आहेत. चुकीच्या वाटेनं वर आलात तर समोर दिसणाऱ्या इमारतीपर्यंत पोचायला पंधरा मिनिटंही लागू शकतात, कारण मध्ये रूळ आडवे येतात. नकाशाचं अॅप एक्झिटचा नंबर सांगतं. तो फलाटावरच बघा, मग डोक्यावरच्या पिवळ्या पाट्यांमागे चालत राहा. सामान असेल तर लिफ्टवाली एक्झिट आधी शोधा. प्रत्येक वाटेवर लिफ्ट नसते. सकाळी साडेसात ते नऊ बॅगा घेऊन निघूच नका. गर्दी विरार लोकलच्या तोडीची, फक्त आवाज नाही. काही लाइनींवर या वेळात बायकांसाठी वेगळा डबा असतो, फलाटावर गुलाबी खूण असते. शेवटची गाडी मध्यरात्रीच्या आसपास जाते आणि पुढची पहाटे पाचच्या सुमाराला. मधल्या वेळात टॅक्सी, आणि रात्री 10 ते पहाटे 5 भाडं 20 टक्के जास्त.

शाकाहारी माणसाची खरी परीक्षा जेवणात. अडचण मांसाची नाही, दाशीची आहे. वाळवून धुरी दिलेल्या बोनितो माशाचा कीस उकळून काढलेलं हे पाणी मिसो सूपमध्ये असतं, उदोन-सोबा या नूडल्सच्या रश्शात असतं, भाजीच्या तेम्पुराबरोबरच्या (म्हणजे भज्यांबरोबरच्या) सॉसमध्ये असतं, शिजवलेल्या भोपळ्यातही असतं. ‘बिनमांसाचं’ सांगितलं की वेटर मनापासून हेच आणून देतो, कारण त्याच्या लेखी ते बिनमांसाचंच. ‘दाशी काढून द्या’ म्हणण्यात अर्थ नाही. रस्सा आधीच करून ठेवलेला असतो. गरम पदार्थावर वळवळणारे गुलाबी-तपकिरी पातळ पापुद्रे दिसले तर तेही मासाच. म्हणून ‘मांस, मासे, दाशी चालत नाही’ हे जपानीत लिहून घ्या आणि ऑर्डर देण्याआधी दाखवा.

कोनबिनीतली, म्हणजे चोवीस तासांच्या दुकानातली, उमेबोशीची ओनिगिरी, म्हणजे खारवलेलं आंबट फळ भरलेला भाताचा गोळा, बऱ्याचदा चालून जाते, पण पाकिटावर फोनचा कॅमेरा धरून घटक वाचाच. फक्त अॅलर्जीच्या चौकटीवर विसंबू नका: त्या यादीत बोनितो येत नाही. टोकियो स्टेशनात केइयो स्ट्रीटवर टीज तानतान हे पूर्ण वनस्पतीजन्य रामेनचं (रश्शातल्या नूडल्सचं) दुकान आहे, मात्र जेआरच्या गेटच्या आत. घरच्या चवीची आठवण अनावर झाली तर तोझाई लाइनवरचं निशि-कासाई गाठा. भारतीय आयटीवाल्यांची ही जुनी वस्ती, किराणाही मिळतो. याच एदोगावा वॉर्डातून 2019 मध्ये मूळचे भारतीय असलेले योगेंद्र पुराणिक नगरसेवक म्हणून निवडून आले.

सामानात इंडक्शन, कॉइल किंवा भारतीय किटली कोंबू नका. तिथे वीज 100 व्होल्टची. 230 व्होल्टचं हीटिंग कॉइल त्यावर जेमतेम पाचव्या हिश्शाची उष्णता देतं. खोलीत बहुधा किटली असतेच, झटपट उपमा-पोहे तिच्यावर होतात. मोबाइलचा चार्जर चालतो, फक्त दोन चपट्या पिनांचा अॅडाप्टर घ्या. सर्दीच्या गोळ्यांचं पाकीट नीट वाचा: स्यूडोएफेड्रिन 10 टक्क्यांहून जास्त असलेली औषधं जपानात परवानगीशिवाय नेता येत नाहीत.

एवढ्या चकचकीत शहरात रस्त्यावर कचऱ्याचा डबा मात्र सापडत नाही. 1995 च्या मेट्रोतल्या सारिन या विषारी वायूच्या हल्ल्यानंतर बरेच हटवले गेले. शीतपेयांच्या मशीनजवळचा डबा फक्त बाटल्या आणि कॅनचा. एक प्लास्टिकची पिशवी खिशात ठेवा आणि रात्री हॉटेलात रिकामी करा. पासपोर्ट मात्र हॉटेलात ठेवू नका, परदेशी पाहुण्यानं तो जवळ बाळगावा असा कायदाच आहे.