नवरदेवाचे कपडे घेताय? आधी दुकानात मांडी घालून बसा

माझं लग्न मे महिन्यात होतं, मुहूर्त दुपारी साडेबाराचा, आणि मी घेतली होती मरून मखमलीची शेरवानी, का तर ट्रायल रूमच्या एसीत ती एक नंबर दिसली. अंतरपाट धरला तेव्हाच पाठ भिजलेली, मंगलाष्टका संपता संपेनात (आत्याने स्वतः रचलेलं एक जास्तीचं होतं), आणि नंतर लाजाहोमाला वाकलो तर चुडीदार मागून टर्रकन उसवली. सप्तपदी मी मागून शेला सावरत चाललोय आणि फोटोत तो रुबाब वाटतो. तेव्हापासून ओळखीत कुणाचं लग्न ठरलं की कपड्यांना मला सोबत नेतात, चार नवरदेव उभे केलेत आत्तापर्यंत.

पहिलं काम म्हणजे दुकानात न जाता गुरुजींना फोन लावायचा. विधींना सोवळंच लागणार का कुर्ता-धोतर चालेल, होमाला किती वेळ बसायचंय, मधे कपडे बदलायला वेळ आहे का. घराघरात हे वेगळं असतं, काही घरी विधींना सोवळं-उपरणं, बायकोच्या मामेभावाकडे सकाळपासून शेरवानी-फेटा तो थेट जेवणापर्यंत. हे माहीत नसताना खरेदी केली की मग दोन भारी ड्रेस पडून राहतात आणि ऐनवेळी काकांचं सोवळं मागून आणावं लागतं. हळदीसाठी मात्र पैसे घालू नका, साधा पांढरा कॉटनचा कुर्ता घ्या, तो नंतर पिवळाच राहणारे.

सोवळ्यात शिवलेलं आणि न शिवलेलं असे दोन प्रकार मिळतात. शिवलेलं पायजम्यासारखं चढवायचं, निऱ्या आधीच घातलेल्या असतात, ज्याला धोतराची सवय नाही त्याने सरळ हेच घ्यावं, उगाच हट्ट करू नये. न शिवलेलं घेणार असाल तर नेसवणारा माणूस कोण ते आधी ठरवा आणि घरी दोन-तीनदा नेसून जिने चढून-उतरून बघा. आणि आत साधी, अंगाच्या रंगाची शॉर्ट्स घाला, चट्ट्यापट्ट्यांची नको, फ्लॅश पडला की पातळ रेशमातून सगळं दिसतं, आमच्या एका भावाच्या अल्बममध्ये आहे पुरावा. सोवळ्याला सहसा खिसा नसतो हेही लक्षात ठेवा, मोबाईल आणि पाकीट आधीच भावाकडे.

रेशीम खरं आहे का हे बघायचं असेल तर आतल्या कडेने कापडाचाच एखादा सुटा धागा (शिवणीचा दोरा नव्हे) मागून घ्या आणि दुकानाबाहेर जाळा. खऱ्या रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटाने चुरगळते, पॉलिस्टर वितळून त्याची कडक गुठळी होते. पॉलिस्टर वाईट म्हणून नाही सांगत, पण होमाच्या शेजारी बसायचंय, ठिणगी उडाली तर ते अंगाला चिकटतं आणि धग लागते ती वेगळीच.

आता शेरवानी. आरशासमोर सगळेच राजे दिसतात, म्हणून ती अंगात असताना दुकानातच खाली मांडी घालून बसा, दहा मिनिटं, मग उठा, मग वाकून आईच्या नाहीतर सोबत जो असेल त्याच्या पाया पडा. सेल्समन हसेल, हसू दे. लग्नात तुम्ही उभे कमी आणि पाटावर जास्त असता, आणि पाया तर किती जणांच्या पडायच्या त्याला हिशोब नाही. गुडघ्याला, मांडीला, बगलेत कुठेही ओढलं तर तो पीस तुमचा नाही. मी चुडीदारऐवजी आता सरळ पॅन्ट नाहीतर सैल सलवारच घ्यायला लावतो. गळ्याचं बटण लावल्यावर आत दोन बोटं गेली पाहिजेत. आणि अस्तर बघा!! वरचं कापड कितीही भारी असू दे, आत चकचकीत सॅटिनचं अस्तर असलं तर घाम तिथेच साचतो, उन्हाळ्यातल्या लग्नाला कॉटनचं अस्तर मागून घ्या. मखमल डिसेंबरात, आणि संध्याकाळचं लग्न असेल तरच.

शिवून घेत असाल तर निदान दोन महिने आधी माप द्या आणि टेलरला शिवणीत माया (आत दुमडलेलं जास्तीचं कापड) जास्त ठेवायला सांगा, कारण मधे केळवणं आहेत. रोज कुणाकडे तरी पुरणपोळी नाहीतर श्रीखंड, माझं तीन आठवड्यांत चार किलो वाढलं होतं. म्हणून शेवटची ट्रायल केळवणं उरकल्यावर, लग्नाच्या आठवडाभर आधी.

रंगासाठी व्हॉट्सॲपवरच्या साडीच्या फोटोवर अजिबात जाऊ नका. तिच्या शालूच्या ब्लाउजपीसचा छोटा तुकडा मागून घ्या आणि शेरवानी दुकानाबाहेर उन्हात नेऊन जुळवा. सेम टू सेम नकोच, तिच्या काठाचा रंग तुमच्या उपरण्यात किंवा फेट्यात आला तरी पुष्कळ झालं.

भाड्याने घ्यायला लाजू नका, माझी तीस हजाराची शेरवानी तेव्हापासून कपाटात लटकतेय. फक्त बगलेच्या आतले डाग, कॉलर आणि बटणं बघून घ्या, नेतानाच सगळीकडून फोटो काढा आणि डिपॉझिटची पावती घ्या, नाहीतर जुना डाग तुमच्या नावावर. रिसेप्शनच्या सूटचं फार डोकं लावू नका, खांदा बरोबर बसला की बाकी टेलर करतो, फक्त दोन बटणांचा असेल तर खालचं बटण उघडं ठेवायचं असतं एवढं भावालाही सांगून ठेवा.

फेटा तयार घेतला तर डोक्याचं माप कानाच्या वरून टेपने घ्या, अंदाजाने नको. बांधून घेणार असाल तर सुती कापड सांगा, गुळगुळीत कापड तासाभरात घसरायला लागतं, आणि बांधताना कपाळावर घट्ट वाटलं तर तिथल्या तिथे बोला, आठ-नऊ मीटर कापड डोक्यावर तीन तास वागवायचंय, डोकं ठणकायला लागलं की सगळ्या फोटोत चेहरा तसाच येतो. पुणेरी पगडी (तिला २००९ पासून जीआय टॅग, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे बरं का) मला सोवळ्यावर जास्त आवडते, पण ती मापातच हवी, सैल असली की नमस्काराला वाकलात की पुढे येते.

कोल्हापुरी घेणार असाल तर लग्नाच्या दोन आठवडे आधी आणा, तेल लावून रोज घरात घालून फिरा, नवी कोरी हमखास चावते. मांडवात ती काढायचीच आहे, मेहुण्या लपवणारही आहेत, त्यामुळे मोज्यांचा घोळ नको.

मुंडावळ्या घेताना दोरा लांब बघा, फेट्यावरून बांधल्यावर मागे गाठ मारता आली पाहिजे. आणि सेफ्टी पिना, सुईदोरा, एक जास्तीचं बनियन असं सगळं एका पाऊचमध्ये भरून करवलीकडे द्या, नवरदेवाच्या बॅगेत नको, ती बॅग ऐनवेळी रूमवर असते आणि किल्ली कुणाकडे आहे ते कुणालाच माहीत नसतं.