व्हिडिओ कॅमेऱ्यासाठी मेमरी कार्ड घेताना नक्की काय बघायचं

कार्डाच्या पाकिटावर सगळ्यात मोठ्या अक्षरात जो आकडा असतो ना, १७० एमबी, २०० एमबी वगैरे, तो बहुतेक वेळा रीड स्पीड असतो, म्हणजे फाईल्स कार्डातून कॉम्प्युटरवर किती वेगाने येतील तो. शूटिंग चालू असताना त्याचा काडीचा उपयोग नाही. व्हिडिओला राईट स्पीड, म्हणजे कार्डावर लिहिण्याचा वेग, लागतो, आणि तो जास्तीत जास्त किती यापेक्षा कमीत कमी किती हे महत्त्वाचं. फोटो काढताना कार्ड जरा अडखळलं तरी कॅमेरा बफरमध्ये, म्हणजे स्वतःच्या तात्पुरत्या मेमरीत, सांभाळून घेतो, पण व्हिडिओचा डेटा सलग येत राहतो, बफर भरला की रेकॉर्डिंग बंद, विषय संपला.

म्हणून कार्डावर बारीक व्ही शोधायचा. व्ही३० म्हणजे सेकंदाला किमान ३० एमबी लिहिणारच, व्ही६० म्हणजे ६०, व्ही९० म्हणजे ९०. इंग्रजी यू अक्षरात ३ लिहिलेलं असेल तर तेही किमान ३० एमबीच. आणि सी अक्षरात १० असेल, ज्याला सगळे क्लास टेन म्हणतात, त्याची हमी फक्त १० एमबीची, फोरकेसाठी त्याच्या भरवशावर राहू नका. ए१, ए२ हे शिक्के मोबाईलमधल्या ॲप्ससाठी असतात, व्हिडिओसाठी ते बघून कार्ड घेऊ नका.

आता तुम्हाला कितीचं कार्ड लागेल ते घरीच काढता येतं. कॅमेऱ्याच्या मेनूत बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती डेटा तयार होतो तो, मेगाबिटमध्ये दिलेला असतो आणि कार्डावरचा आकडा मेगाबाइटमध्ये, त्यामुळे कॅमेऱ्याच्या आकड्याला ८ ने भागायचं. १०० एमबीपीएसचं (सेकंदाला १०० मेगाबिट) फोरके म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी, व्ही३० आरामात झेपवतं. २०० असेल तर २५, तेही चालतं. ४०० असेल तर ५० एमबी, मग व्ही६०च पाहिजे, आणि ६०० असेल तर ७५, म्हणजे थेट व्ही९०. याच हिशोबाने किती वेळ शूट होईल तेही कळतं, १०० एमबीपीएसला तासाला ४५ जीबी जातात. विनाकारण व्ही९० घेऊन पैसे घालवायची गरज नाही, पण कॅमेऱ्याच्या मॅन्युअलमध्ये कुठल्या मोडला कुठलं कार्ड लागतं ते एकदा वाचाच, काही कॅमेरे काही मोडमध्ये हलकं कार्ड असेल तर रेकॉर्डिंग सुरूच करत नाहीत.

व्ही६० आणि व्ही९०च्या कार्डांना मागे पिनांची दुसरी रांग असते, यूएचएस टू म्हणतात त्याला. कॅमेऱ्याचा स्लॉट जुना यूएचएस वनचा असेल तर हेच कार्ड जुन्याच वेगाने चालणार. सीएफएक्सप्रेस, म्हणजे एसडीपेक्षा वेगळ्या जातीचं वेगवान कार्ड, लागणारा कॅमेरा असेल तर टाईप ए की बी ते नीट बघा, दोन्हींचा आकार वेगळा आहे, आणि त्यावर व्हीपीजी२०० किंवा व्हीपीजी४०० असा शिक्का असेल तर किमान राईट स्पीडची हमी मिळते. खूप जुना कॅमेरा फक्त एसडीएचसी ही एसडी कार्डाची जुनी जात घेणारा असेल तर ३२ जीबीच्या वर जाऊच नका.

आता सगळ्यात कळीचा मुद्दा, नकली कार्ड. आत चिप असते छोटी, पण कार्ड चालवणाऱ्या कंट्रोलरला खोटं बोलायला शिकवलेलं असतं, त्यामुळे कॉम्प्युटरला कार्ड १२८ जीबीचं दिसतं, सुरुवातीच्या फाईल्स व्यवस्थित जातात आणि खरी जागा संपली की पुढचं सगळं कचरा होतं किंवा आधीचं पुसलं जातं, आणि तोपर्यंत कुठलाच एरर येत नाही! पाकीट, होलोग्राम बघून हे ओळखता येईलच असं नाही. एकच उपाय, कार्ड आलं की ते पूर्ण भरून परत वाचून बघायचं. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू, मॅक आणि लिनक्सवर एफथ्री, दोन्ही फुकट आहेत. वेळ लागतो, लागू द्या, आणि परत करायची मुदत संपायच्या आत करा. १२८चं कार्ड कॉम्प्युटरवर ११९ दिसलं तर मात्र घाबरू नका, तो मोजायच्या पद्धतीतला फरक आहे.

टेस्ट पास झाली तरी पहिलं शूट त्यावर एकट्यावर सोडू नका. आधी घरी सगळ्यात जड मोड लावून कार्ड भरेपर्यंत रेकॉर्ड करा आणि क्लिप शेवटपर्यंत बघा. परत न होणारा कार्यक्रम असेल आणि कॅमेऱ्याला दोन स्लॉट असतील तर दोन्हीकडे एकाच वेळी रेकॉर्डिंग लावा, माझ्या मते याला दुसरा पर्याय नाही. मोठ्या कॅमेऱ्यात ॲडॉप्टर लावून मायक्रोएसडी वापरणं मी टाळायलाच सांगेन, संपर्क तुटायची एक जादा जागा कशाला. डॅशकॅम किंवा सीसीटीव्हीला, जिथे दिवसरात्र त्याच जागेवर परत परत लिहिलं जातं, तिथे हाय एन्ड्युरन्स लिहिलेलंच कार्ड घ्या, साधं कार्ड तिथे लवकर झिजतं.

वापरताना फॉरमॅट कॅमेऱ्यातच करायचं, तेही कॉपी दोन ठिकाणी झाल्यावर. लाल दिवा लुकलुकत असताना कार्ड किंवा बॅटरी काढायची नाही, कारण बऱ्याच कॅमेऱ्यांत फाईल कशी वाचायची ती माहिती अगदी शेवटी लिहिली जाते आणि तीच राहिली तर क्लिप उघडतच नाही. असं झालंच तर कार्ड त्याच कॅमेऱ्यात परत घालून बघा, काही कॅमेरे फाईल दुरुस्त करू का विचारतात. चुकून डिलीट किंवा फॉरमॅट झालं असेल तर त्या कार्डावर एक सेकंदही नवीन रेकॉर्ड करू नका, बाजूला काढून ठेवा आणि फोटोरेकसारख्या रिकव्हरी सॉफ्टवेअरने फाईल्स दुसऱ्या डिस्कवर काढा. ज्या कार्डाने एकदा विनाकारण एरर दिला ते शूटिंगच्या बॅगेतून कायमचं बाहेर, फॉरमॅट करून नीट चाललं तरीही.