दुर्मिळ जर्मन आडनाव शोधताय? आधी अर्थ नको, नकाशा बघा

जर्मन आडनावाचा शोध घ्यायचा म्हटलं की बहुतेक जण गूगलला थेट अर्थच विचारतात, आणि पहिल्याच लिंकवर ढाल, सिंह, मुकुट असलं चित्र आणि खाली "हे प्राचीन उमराव घराणं" वगैरे, वर फ्रेम करून घरपोच पाठवतो म्हणे. ते सरळ बंद करा. जर्मनीत कुलचिन्ह असतं ते एका ठराविक घराण्याचं, त्या आडनावाच्या झाडून सगळ्या लोकांचं नाही, त्यामुळे फ्रेम भिंतीवर लागेल पण नावाचं मूळ काही कळणार नाही.

दुर्मिळ नावाला क्रम उलटा लावायचा. आधी नाव राहतं कुठे ते बघायचं, मग जुनी स्पेलिंगं, आणि अर्थ सगळ्यात शेवटी. म्युलर, श्मिट असल्या नावांना ही युक्ती फारशी चालत नाही कारण गिरणीवाला आणि लोहार गावोगावी होते (म्युलर हे तर जर्मनीत सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव), पण दुर्मिळ नाव बऱ्याचदा एकदोन जिल्ह्यांना घट्ट धरून असतं आणि तेच आपल्याला हवंय.

उदाहरणाला एक नाव घेऊ, सोन्थायमर. खंडोबा, धनगर, जेजुरी यावर थोडंफार वाचलं असेल तर हायडलबर्गच्या दक्षिण आशिया संस्थेतले गुंथर सोन्थायमर (१९३४-१९९२) माहीतच असतील. आता गंमत बघा, आपण "थ" लिहितो कारण रोमन स्पेलिंगमध्ये टी आणि एच शेजारी दिसतात, पण जर्मन माणूस ते "झोंटहाइमर" असं म्हणतो. टी पहिल्या तुकड्यातला, एच दुसऱ्या तुकड्यातला. झोंट, हाइम, आणि शेवटी एर. "सोन्थाय" असा तुकडा पाडून बसलात तर जन्मात काही सापडणार नाही.

म्हणून पहिलं काम म्हणजे नाव जर्मन कागदावर कसं लिहिलंय ते मिळवा, मराठी किंवा इंग्रजी रूपावर विसंबू नका. डोक्यावर दोन टिंबं असलेले ए, ओ, यू टाइप होत नसतील तर पुढे ई लावायचा (एई, ओई, यूई), नुसती टिंबं गाळली तर वेगळंच नाव तयार होतं. मोठ्या बीसारखा दिसणारा तो जर्मन एस दोन एस करून टाका. नाव अमेरिकेतून आलेलं असेल तर अजून सावध राहा कारण तिकडे म्युलरचे मिलर आणि श्मिटचे स्मिथ झालेले आहेत, तिथे आधी बोटीतून उतरतानाची नोंद शोधायची आणि मगच जर्मनीत शिरायचं.

आता नकाशा. जिओजेन नावाचं फुकट टूल आहे, आडनाव टाकलं की जर्मनीच्या जिल्ह्यांच्या नकाशावर रंग भरून देतं. ह्याचा डेटा टेलिफोन डिरेक्टरीतला आहे. यात दोन नकाशे मिळतात, एक नुसत्या संख्येचा आणि दुसरा लोकसंख्येच्या प्रमाणात, आणि लोक हमखास पहिला बघून निष्कर्ष काढतात. नुसत्या संख्येत बर्लिन, हॅम्बुर्ग, म्युनिक कायम गडद दिसणार, तिथे माणसंच जास्त आहेत! प्रमाणाचा नकाशा बघा, तिथे एखादा आडबाजूचा जिल्हा काळाकुट्ट दिसला तर नावाचं घर तिथेच आसपास असण्याची शक्यता मोठी.

दुसरी जागा म्हणजे माइन्त्सच्या विज्ञान अकादमीचा डिजिटल आडनाव कोश, २०१२ पासून काम चालू आहे आणि ऑनलाइन फुकट वाचता येतो. नाव त्यात असेल तर संख्या, नकाशा आणि व्युत्पत्ती एकाच पानावर मिळते, अभ्यासकांनी केलेली, ढाल-तलवारवाल्यांनी नाही. फारच दुर्मिळ नाव असेल तर अर्थाची नोंद अजून झालेली नसते, अशा वेळी जवळच्या स्पेलिंगची पानं वाचा, बरंच काही तिथून हाती लागतं.

आजची संख्या किती, ह्या प्रश्नाचं उत्तर सरळ मिळत नाही. जर्मनीत लोकांची नोंद नगरपालिका पातळीवर होते आणि आडनावांची सरकारी देशव्यापी यादी प्रसिद्ध होत नाही, म्हणून अभ्यासकसुद्धा टेलिफोनच वापरतात. मोठा आधार आहे २००५ चा डॉइच टेलिकॉमचा डेटा, २.८ कोटी कनेक्शनं आणि साडेआठ लाखांच्या आसपास वेगवेगळी आडनावं. तेव्हा देशाची लोकसंख्या साधारण ८.२ कोटी, म्हणजे एका कनेक्शनमागे जवळपास तीन माणसं. म्हणून समजा तुमच्या नावाची १०० कनेक्शनं आली तर अंदाजे २९० माणसं धरायची. पण हे आकडे शंभराच्या पुढे बरे वागतात, ४ कनेक्शनं असतील तर १२ माणसं असं छातीठोकपणे सांगू नका, त्यातले दोघं एकाच घरात असतील आणि तिसऱ्या घरात सातजण असतील. शिवाय घरात फोन बहुधा एकाच्या नावावर, तोही बऱ्याचदा नवऱ्याच्या, त्यामुळे लग्नानंतर माहेरचं नाव ठेवलेल्या बायका यातून निसटतात, जोडआडनावं वेगळीच मोजली जातात, आणि त्यानंतर मोबाइल आल्यावर लँडलाइनच आटली. म्हणून २००५ च्या आसपासचा डेटा जुना असला तरी तोच धरायचा, आत्ताची फोनबुकं त्याहून वाईट आहेत. आणि जगभरात ह्या नावाची नेमकी इतकी माणसं आहेत असं सांगणाऱ्या ज्या साइट आहेत ना, त्यांचा आकडा दुर्मिळ नावाला तरी गंभीरपणे घेऊ नका.

शेजारच्या देशांत प्रकरण सोपं आहे. स्वित्झर्लंडमध्ये सरकारी सांख्यिकी खातं आडनावांचे आकडे देतं, आणि १९६२ साली कुठल्या गावचं नागरिकत्व कुठल्या आडनावाकडे होतं त्याची सगळी यादी ऑनलाइन आहे, ती तर सोन्याची खाण. नेदरलँड्समध्ये २००७ ची मोजणी मिळते. अमेरिकेच्या जनगणना खात्याने २००० आणि २०१० ची आडनावं दिलीत पण १०० किंवा जास्त वेळा आलेलीच, यादीत नाव नसेल तर एवढंच कळतं की तिथे शंभरपेक्षा कमी आहेत.

आता नकाशा फसवतो कुठे ते बघा, कारण इथेच बहुतेकांची गाडी घसरते. दुसऱ्या महायुद्धानंतर सायलेशिया, पोमेरेनिया, पूर्व प्रशिया, सुडेटनलँड वगैरे भागांतून सुमारे १.२ कोटी जर्मन लोकांना बाहेर पडावं लागलं आणि ते उरलेल्या जर्मनीभर विखुरले. त्यामुळे पूर्वेकडचं एखादं आडनाव आज नकाशावर सगळीकडे चिमूटभर चिमूटभर दिसतं, कुठेच गडद नाही. असा विरविरीत नकाशा आला की समजायचं, मूळ गाव कदाचित आजच्या जर्मनीत नाहीच, पोलंडमध्ये किंवा चेकमध्ये आहे.

यावर उपाय म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या हताहतांच्या याद्या. मेलेले, जखमी, बेपत्ता, पकडले गेलेले असे सुमारे ८५ लाख उल्लेख, आणि जर्मनीतल्या संगणक-वंशावळ संघटनेच्या स्वयंसेवकांनी ते सगळे टाइप करून सर्चला फुकट ठेवलेत. सैनिकाच्या नावापुढे त्याचं गाव असतं, म्हणजे १९१४ ते १९१९ चा, स्थलांतराआधीचा नकाशा आपोआप हातात येतो. फक्त लक्षात ठेवा, ही लढाईच्या वयाची पुरुषमंडळी, आणि एकच माणूस दोनदा जखमी झाला तर दोनदा यादीत, म्हणून यातून माणसं मोजायची नाहीत, जागा बघायच्या. गावाचं नाव कुठल्या जिल्ह्यातलं हे कळत नसेल तर मायर्सचं १९१२-१३ चं स्थलनाम-गॅझेटियर ऑनलाइन आहे, जुन्या साम्राज्यातलं बारीकसं खेडंही नकाशासकट सापडतं.

दुसरी फसगत म्हणजे नाव एका भागात पक्कं रुजलेलं पण मुळात बाहेरचं. बोनहोफर हे उत्तम उदाहरण. नाझींविरुद्ध उभे राहिलेले डीट्रिख बोनहोफर, त्यांचं घराणं श्वेबिश हाल गावाशी शतकानुशतकं जोडलेलं, पण तिथे आलं १५१३ मध्ये नेदरलँड्सच्या नाइमेखनहून, आणि मूळ नाव फान डेन बूनहोफ. फक्त आजचा नकाशा बघून अर्थ लावला असता तर श्वाबियाच्या, म्हणजे नैऋत्य जर्मनीतल्या बोलीत शोधत बसलो असतो.

नकाशा झाला की शेपूट बघा. नावाच्या शेवटावरून प्रदेशाचा अंदाज येतो आणि तो नकाशाशी जुळतोय का ते तपासायचं, एवढाच शेपटाचा उपयोग. शेवटी ले असेल तर श्वाबिया, ली असेल तर स्वित्झर्लंड, झेन असेल तर डेन्मार्कलगतचं श्लेस्विग-होल्स्टाइन, ओव असेल तर मेक्लेनबुर्गकडचं स्लाव्ह गावनाव, कांप किंवा होर्स्ट असेल तर वेस्टफालियाचा पट्टा. वेस्टफालियात अजून एक भानगड आहे, तिथे नाव शेतवाडीचं असायचं, म्हणजे जावई सासऱ्याच्या वाडीवर राहायला गेला की वाडीचं आडनाव लावायचा. जुन्या कागदात दोन आडनावांच्या मध्ये "गेनांट", म्हणजे "उर्फ", दिसलं की समजा हाच प्रकार, आणि तिथे बापाच्या नावाने वंशावळ शोधली तर वाट चुकते.

आता परत झोंटहाइमरकडे. शेवटचं एर म्हणजे आपलं "कर", झोंटहाइमकर. हाइम म्हणजे घर किंवा वस्ती, आणि झोंट हा जुन्या जर्मनमधला "झुंट", म्हणजे दक्षिण. आजच्या जर्मनमध्ये दक्षिणेला झ्यूड म्हणतात, ते उत्तरेकडच्या बोलींतून आलं, दक्षिणेतली जुनी गावनावं मात्र एन धरून राहिली, झोंटहोफन, झुंडगाऊ ही त्याचीच भावंडं. म्हणजे कुठल्या तरी मोठ्या ठिकाणाच्या दक्षिणेची वस्ती. अर्थ झाला, पण मूळ गाव सापडलं का? नाही, कारण झोंटहाइम एक नाही. ब्रेंत्स नदीवरचं, हाइलब्रोनचा आता भाग झालेलं, बव्हेरियात उंटरआलगॉय जिल्ह्यातलं, श्वेबिश आल्बवर हेरोल्डश्टाटमधलं, शिवाय श्वेबिश हालजवळ ओबरझोंटहाइम, म्हणजे वरचं, आणि खालचंही आहेच. जवळची नावंही तपासायची, टीच्या जागी डी आला की झोंडहाइमर, त्याचं गाव र्‍होनच्या डोंगराकडे फ्रँकोनियात, म्हणजे वेगळी गोष्ट.

इथे एक नियम फार कामाचा आहे. गावाचं आडनाव गाव सोडणाऱ्याला चिकटतं. झोंटहाइममध्येच राहणाऱ्याला झोंटहाइमर म्हणून ओळखण्यात काय अर्थ, सगळेच झोंटहाइमर! म्हणून गडद जिल्हा त्या गावाचाच निघेल असं नाही, शेजारचं बाजाराचं गाव किंवा शहर निघेल, तिथून एकदोन दिवसांच्या चालण्याच्या अंतरातली त्या नावाची गावं उमेदवार धरायची. आणि उमेदवार एकापेक्षा जास्त असतील तर नाव दोन-तीन ठिकाणी स्वतंत्रपणे तयार झालंय असं धरून चाला, त्या आडनावाचे सगळे एकमेकांचे भाऊबंद नसतात.

धर्म पण बघावा लागतो. जर्मन शहरांत आडनावं बाराव्या शतकापासून रुजत गेली, पण ज्यू घराण्यांना कायमची आडनावं बरीच उशिरा कायद्याने घ्यावी लागली, ऑस्ट्रियात १७८७, प्रशियात १८१२, व्युर्टेम्बर्गमध्ये १८२८, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी गावाचंच नाव उचललं. एकोणिसाव्या शतकात स्टुटगार्ट गाजवणारे टेनर गायक हाइनरिख झोंटहाइम ज्यू घराण्यातले होते. म्हणून कागद शोधताना चर्चची वही बघायची की ज्यू समाजाची नोंद, हे आधी ठरवा.

कागद म्हणजे दोन थर. १ जानेवारी १८७६ पासून सगळ्या जर्मन साम्राज्यात सरकारी जन्म-विवाह-मृत्यू नोंदणी आहे (प्रशियात १८७४ पासूनच), आणि नोंदी खुल्या व्हायला जन्माच्या ११०, विवाहाच्या ८० आणि मृत्यूच्या ३० वर्षं लागतात, थेट वंशज असाल तर आधीही मागता येतात. त्यामागे चर्चच्या वह्या, बऱ्याच ठिकाणी सोळाव्या शतकापासूनच्या, पण १६१८ ते १६४८ च्या तीस वर्षांच्या युद्धात कित्येक जळाल्या. प्रोटेस्टंट वह्या आर्खिओन या साइटवर पैसे भरून, कॅथलिक बऱ्याचशा मात्रिकुला या साइटवर फुकट. लिखाण कुरेंट या जुन्या जर्मन हस्तलिपीत असतं, त्यात ई आणि एन जवळजवळ सारखे दिसतात, तेव्हा अक्षरांचा तक्ता शेजारी ठेवूनच बसा. मागे जाताना स्पेलिंग बदलत जाणार, एकाच पाद्र्याने एकाच माणसाला दोन तऱ्हांनी लिहिलेलं असतं, ते सगळं वर्षासकट टिपून ठेवा कारण अर्थ लावायला सगळ्यात जुनं रूप लागतं, आजचं नाही.

घरात चालत आलेली कथा असेल तर तीही टिपा, पण पुरावा म्हणून नाही. तत्त्वज्ञ नीत्शेंना आपण पोलिश उमरावांचे वंशज आहोत असं वाटायचं आणि ते तसं लिहायचेही. पुढे वंशावळ तपासली तर पूर्वज सॅक्सनीकडचे साधे जर्मन लोक निघाले. नाव मात्र खरंच स्लाव्ह वळणाचं, निकोलाउसचं लाडकं रूप, निचे, निच्के ही त्याचीच रूपं. म्हणजे कथेत थोडं काहीतरी असतं, फक्त उमरावकी वरून जोडलेली असते.

एवढं करूनही अर्थ अडला तर लाइपझिग विद्यापीठाचं नामसल्ला केंद्र आहे, आडनावांवर अभ्यासकांकडून लेखी मत मिळतं, पैसे लागतात, किती ते आधीच विचारून घ्या. मेल करताना नुसतं आडनाव पाठवू नका, सगळ्यात जुनं रूप, ते कुठल्या वर्षी कुठल्या गावात सापडलं, घराणं कुठल्या चर्चचं, आणि नकाशात गडद निघालेला जिल्हा एवढं लिहा, जर्मनमध्ये जमलं तर उत्तम.