सायकल घरी नीट करायचीय? आधी हवा बघा

आमच्या इंदूरच्या सुदामानगरात पंक्चरची दुकानं भरपूर आहेत पण सगळी स्कूटर नि कारवाली, सायकल घेऊन गेलं की भैया एकदा आपल्याकडे बघतो, एकदा सायकलकडे बघतो आणि म्हणतो शाम को आना. मी रोज शाळेत सायकलने जाते, मला शाम को चालत नाही, म्हणून हळूहळू घरीच शिकले. शिकवलं सासऱ्यांनी. आप्पा हुकूमचंद मिलमध्ये होते, १९९१ मध्ये मिल बंद पडली तोवर रोज रामबागेतून काळ्या सायकलवर गेले, आणि त्यांचं एकच म्हणणं, सायकलचे निम्मे आजार हवेचे असतात. तेव्हा मला वाटायचं म्हातारे लोक बोलतात असंच, आता पटलंय.

तर हवा. अंगठ्याने दाबून बघणं म्हणजे काही तपासणी नाही, ३० आणि ४५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) अंगठ्याला सारखेच लागतात. हवेचा दाब दाखवणारा काटा असलेला पायपंप घ्या, घरात एकच वस्तू घेणार असाल तर हीच. किती भरायची ते टायरच्या बाजूला छापलेलं असतं, कमीत कमी नि जास्तीत जास्त, त्याच्या मधे ठेवा आणि मागच्या चाकात थोडी जास्त कारण वजन तिथे असतं. माझा टायर २६ बाय १.९५ आहे, मी पुढे ४० मागे ४५ ठेवते. आठवड्यातून एकदा भरायचीच, न चालवता उभी असली तरी, कारण ट्यूबमधून हवा थोडी थोडी जातच राहते. पेट्रोलपंपावर भरत असाल तर लक्ष ठेवून, तो मोठा कॉम्प्रेसर आहे, छोट्या ट्यूबला दोन सेकंदांत फोडतो.

कमी हवेत खड्ड्यावरून गेलात की ट्यूब टायर नि रिमच्या मधे चेपते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी. अशी जोडी दिसली तर काटाबिटा शोधत बसू नका, चूक हवेची आहे.

आणि पंक्चर म्हणून ट्यूब बाहेर काढण्याआधी व्हॉल्व बघा बरं का. व्हॉल्ववर बोटाने थुंकी लावायची (हो, थुंकीच, पाणी लगेच ओघळतं), बुडबुडा फुगला तर तिथूनच गळतंय. जुन्या पद्धतीच्या व्हॉल्वमधे आत एक बारीक रबरी नळी असते, वालट्यूब म्हणतात, ती उन्हाने कुजते आणि मग दर दोन दिवसांनी हवा गायब. चहापेक्षा स्वस्त मिळते, दोन-चार घरात ठेवा. मोटरसायकलसारखा व्हॉल्व असेल तर आतली पिन थोडी घट्ट करून बघा.

खरंच पंक्चर असेल तर चाक काढा, हवा पूर्ण सोडा, टायर लिव्हरने (टायर काढायच्या चपट्या पट्टीने) एका बाजूची कड रिमच्या बाहेर काढा. चमच्याने किंवा स्क्रूड्रायव्हरने करू नका, मी केलंय, एका भोकाची तीन झाली. ट्यूब ओढून काढण्याआधी टायरवरचं नाव व्हॉल्वच्या कुठल्या बाजूला आहे ते लक्षात ठेवा, म्हणजे ट्यूबमधे भोक सापडलं की टायरमधे काटा कुठे रुतलाय ते मोजून कळतं. मग ट्यूब फुगवून बादलीत बुडवायची, बुडबुडे कुठून येतात बघायचं, बॉलपेनने गोल करायचा. भोक ट्यूबच्या आतल्या बाजूला, म्हणजे रिमकडे असेल तर गुन्हेगार स्पोकचं टोक, रिमवरची पट्टी सरकलेली असते.

सगळे घाई करतात ती सोल्यूशनला, म्हणजे ठिगळ चिकटवायच्या रबरी डिंकाला. पॉलिश पेपरने भोकाभोवती ठिगळापेक्षा जरा मोठी जागा घासा, चमक गेली पाहिजे, पुसून कोरडी करा. सोल्यूशनचा पातळ थर लावा आणि थांबा. पाच मिनिटं तरी. ओलं असताना ठिगळ लावलं की दुसऱ्या दिवशी सुटतं, आणि मग लोक म्हणतात घरी केलेलं पंक्चर टिकत नाही. थर निस्तेज दिसायला लागला की ठिगळ ठेवून जोरात दाबा, कडा जास्त दाबा. काही जण सोल्यूशन लवकर वाळावं म्हणून काडी लावतात, ते आपण करायचं नाही.

ट्यूब परत घालण्याआधी टायरच्या आतून सगळीकडे जुन्या फडक्याने हात फिरवा, बाभळीचा काटा असेल तर फडकं अडकेल, नुसत्या बोटांनी केलंत तर बोट अडकेल. ट्यूबमधे थोडी हवा भरून गोल होऊ द्या, टायर बसवायची सुरुवात व्हॉल्वच्या समोरच्या बाजूने करा आणि शेवट व्हॉल्वपाशी, तोही अंगठ्यांनी. शेवटचा इंच लिव्हरने ढकलला की नव्याने पंक्चर, हमखास.

आता चेन. इंदूरची धूळ, त्यात रंगपंचमीला गेर (रंगांची मिरवणूक) झाली की गुलाल पण चेनमधे, तेलात मिसळून त्याची उटण्यासारखी पेस्ट होते आणि ती लोखंड झिजवते. म्हणून आधी धुवा मग तेल, घाणीवर तेल ओतायचं नाही. रॉकेल आता सहज मिळत नाही, मी भांड्याचं लिक्विड, गरम पाणी आणि जुना टूथब्रश वापरते, मग पुसून उन्हात पूर्ण वाळवते. रविवारी पोहे-जिलबी आणायला जाते तेवढ्यात वाळते. नंतर प्रत्येक कडीवर एक थेंब, पेडल उलटं फिरवत, दहा मिनिटं थांबायचं आणि बाहेरचं तेल पुसून टाकायचं. पुसणं महत्त्वाचं. चेन आतून ओली नि बाहेरून कोरडी पाहिजे. शिलाई मशीनचं तेल उन्हाळ्यात चालून जातं पण पावसात टिकत नाही, तेव्हा चेनचं जाड तेल घ्या. खोबरेल नको, आपल्याकडे डिसेंबरात बाटलीत गोठतं तसं चेनमधेही गोठेल. आणि गंज सोडवायचा स्प्रे म्हणजे तेल नव्हे, त्याने जुनं तेल पण निघून जातं.

चेन बदलायची कधी हे दुकानदाराला विचारू नका, तो आजच म्हणेल. स्टीलची पट्टी घ्या, एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवा, चोवीस पिना पुढे मोजा. नवी चेन बरोबर १२ इंच भरते. अर्धं सूत (इंचाचा सोळावा भाग) वाढली असेल तर चेन बदला, पूर्ण सूत वाढली असेल तर तिने दातेही खाल्लेत, फ्रीव्हीलही (मागच्या चाकाचं दातेरी चक्र) जाणार. म्हणजे वेळेवर मोजलं तर एक खर्च, नाही तर दोन.

ब्रेकच्या बाबतीत मी एकदा घाण केली होती. चेनला तेल मारताना स्प्रे मागच्या रिमवर उडाला, लक्षात आलं नाही, सकाळी उतारावर ब्रेक दाबला तर सायकल आपली चालूनच राहिली, पाय घासत थांबवली, चप्पल गेली. तेव्हापासून तेल मारताना रिमवर वर्तमानपत्र. तेल लागलंच तर रिम लिक्विडने धुवा आणि ब्रेकचे गुटके पॉलिश पेपरवर घासा. घासताना गुटक्यात रुतलेले खडे नि धातूचे कण पिनने काढा, तेच रिमला चरे पाडतात. गुटका रिमलाच लागला पाहिजे, टायरला अजिबात नाही. किंचाळत असेल तर गुटक्याच्या मागच्या टोकाखाली जाड कार्ड ठेवून ब्रेक दाबून धरा, नट आवळा, कार्ड काढा, म्हणजे पुढचं टोक आधी लागतं आणि आवाज बहुतेक जातो. ब्रेकची दांडी हँडलला टेकत असेल तर केबल जिथे दांडीत शिरते तिथला गोल स्क्रू बाहेरच्या बाजूला फिरवा, केबल ताणली जाते. तार सुटून केसांसारखी पिंजली असेल तर मात्र ताणू नका, बदला.

पावसाळ्यात काळी माती. मडगार्ड नि टायरच्या मधे भरते, वाळली की दगड. घरी आल्या आल्या मगभर पाणी टाका, काडीने काढा. पण वॉशिंग सेंटरवर जोराच्या पाण्याने धुऊ नका, मी एका ठिकाणी धुतली, महिन्याभरात पेडलपाशी कटकट सुरू, आतलं ग्रीस वाहून छर्रे (पोलादी गोळ्या) गंजलेले.

पेडल काढायचं असेल तर डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे विसरू नका. पाना वर उभा धरून सायकलच्या मागच्या बाजूला ढकला, दोन्ही पेडलं सुटतात, डावं-उजवं आठवायची गरजच नाही.

छर्रे, चाकाचं वाकडेपण, फ्रीव्हीलचे कुत्ते (आतले खटके), पेडलचा दांडा धरणारी कॉटर पिन, हे मी मिस्त्रीकडेच देते. चाकाच्या तारा आवळणं सोपं वाटतं, पण एक तार आवळली की दुसरीकडे फुगा येतो, माझा एक अख्खा रविवार त्यात गेलाय. वाटेत तार तुटली तर शेजारच्या तारेला गुंडाळा आणि हळू हळू घरी या.

हाताचं ग्रीस साबणाने जात नाही, आधी चमचाभर साखर नि भांड्याचं लिक्विड कोरड्या हातावर चोळा, पाणी नंतर.