‘रेंट’ बघायचा तर गोळ्यांवर नजर ठेवा

माझं मेडिकलचं दुकान आहे, त्यामुळे ‘रेंट’ मी गोळ्यांवर नजर ठेवूनच बघते. “सारखे गातात काय, आणि भाडं का नाही भरत?” म्हणत जे हा सिनेमा अर्ध्यावर बंद करतात, त्यांनाही मी हेच करायला सांगते.

क्रिस कोलंबसचा हा २००५चा गाण्यांतून पुढे जाणारा सिनेमा सव्वादोन तासांचा आहे. भाडं थकलेल्या तरुण कलाकारांची आणि त्यांच्या मित्रांची ही गोष्ट, आणि त्यांतल्या काहींना एचआयव्ही आहे. सबटायटल लावा, हेडफोन घाला आणि सुरुवात अजिबात पळवू नका. आठ जण रंगमंचावर ओळीने उभे राहून वर्षाची मिनिटं मोजतात : पाच लाख पंचवीस हजार सहाशे. त्याच्या शेजारी माझा एक आकडा मांडा. गोष्ट न्यूयॉर्कच्या ईस्ट व्हिलेजमधली, १९८९च्या नाताळापासून पुढच्या नाताळापर्यंतची. तेव्हा एचआयव्हीच्या विषाणूवर अमेरिकेत मंजूर झालेलं औषध एकच होतं, १९८७ साली आलेलं एझेडटी. दर चार तासांनी घ्यायचं, रात्रीसुद्धा. म्हणजे दिवसाला सहा वेळा, वर्षाला २१९० वेळा. सुरुवातीचा डोस रोज १२०० मिलिग्रॅम. त्याने रक्त कमी व्हायचं, मळमळ वेगळीच. जानेवारी १९९०मध्ये, म्हणजे ही गोष्ट सुरू झाल्यावर महिन्याभरात, डोस निम्म्यावर आणला. किंमत म्हणाल तर औषध आलं तेव्हा वर्षाला आठ-दहा हजार डॉलर. आता भाड्याचा प्रश्न पुन्हा विचारून बघा.

बघायच्या आधी, ‘रेंट’ ज्यावर बेतलाय त्या पुच्चिनीच्या ‘ला बोएम’ या १८९६च्या ऑपेरातले दोन तुकडे ऐका : मेणबत्ती विझली म्हणून मिमी शेजाऱ्याच्या दारात येते तो, आणि मुझेत्ताचा वॉल्ट्झ. अख्खा ऑपेरा नको, कंटाळाल. तिथली मिमी क्षयाने जाते. इथल्या मिमीला एचआयव्ही आहे, मेणबत्ती मात्र तीच, आणि तिचा शेजारी रॉजर गिटारवर छेडतो ती चालही त्याच वॉल्ट्झची.

लाइफ कॅफेतल्या गाण्यात सगळे टेबलांवर चढून धिंगाणा घालतात. नावं इतकी भराभर येतात की सगळी कळलीच पाहिजेत असा हट्ट धरण्यात अर्थ नाही. त्या गोंगाटात गोळीची वेळ सांगणारा बीपर वाजतो, तिथे कान द्या. मिमी गोळी काढते. रॉजर बघत राहतो, कारण तीच गोळी त्यालाही घ्यायची असते. दोन-चार शब्द, बस्स. हा प्रसंग मी दर वेळी मागे नेऊन पुन्हा बघते. अशी माणसं मला काउंटरवर भेटतात. चिठ्ठी घडी घालून पालथी सरकवतात, आणि तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं की डोकेदुखीची गोळी मागतात.

एचआयव्ही असलेल्यांच्या मदतगटाच्या बैठकांमध्ये मुख्य पात्रांपेक्षा बाकीच्यांचे चेहरे बघा. पुढे खुर्च्या रिकाम्या होतात तेव्हा ते उपयोगी पडतील. हा सिनेमा ज्या नाटकावरून केला त्या १९९६च्या मूळ प्रयोगातले आठांपैकी सहा नट इथे आहेत, त्यामुळे पात्रांच्या मानाने जरा थोराड दिसतात. चालवून घ्या, गळे उत्तम आहेत.

ते नाटक लिहिणारा जोनाथन लार्सन पहिल्या प्रयोगाच्या दिवशी पहाटे गेला. २५ जानेवारी १९९६, वय ३५. त्याला एड्स होता असं बरेच जण समजतात; तो महाधमनी फाटून गेला. जेमतेम दीड महिन्यापूर्वी प्रोटीज इनहिबिटर या एचआयव्हीवरच्या नव्या गटातलं पहिलं औषध अमेरिकेत मंजूर झालं होतं, आणि त्याच वर्षी तीन औषधं एकत्र दिल्यावर खाटेला खिळलेली माणसं उठून कामाला जाऊ लागली. म्हणून मरायला टेकलेली मिमी उठून बसते तो सिनेमाचा शेवट मला पटत नाही. १९९०च्या नाताळात मिमीला तसं उठवणारं औषधच नव्हतं. तिच्यासारख्या गरिबाच्या हाती ते पडायला आणखी बराच काळ गेला. आपल्या मुंबईच्या सिप्लाने तीन औषधांचा वर्षाचा साठा ३५० डॉलरला देऊ केला तो २००१ साली, आणि आपल्याकडे सरकारी रुग्णालयांत ते फुकट मिळू लागलं २००४पासून.

सिनेमा संपला की डीव्हीडीतली कापलेली दृश्यं चुकवू नका. एका मित्राच्या अंत्यसंस्कारानंतर रॉजर आणि त्याच्यासोबत राहणारा मार्क एकमेकांना खरं काय ते सुनावतात, तो भाग तिथे आहे. मार्कला लागण नाही. मित्रांच्या मागे आपण एकटे उरणार हे त्याला ठाऊक आहे, आणि मूळ सिनेमात नेमकं हेच पुसट झालंय. डीव्हीडी मिळत नसेल तर २००८चं ब्रॉडवेवरच्या अखेरच्या प्रयोगाचं चित्रीकरण शोधा, त्यात हा भाग पूर्ण आहे.